तो नियम मी लिहिला होता

मिलिंद,

गुरुवारी सकाळी पावणेदहाला माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं. मला वाटलं, तू त्या पाकिटाचं विचारणार. तू दिलेलं पाकीट तीन आठवडे माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि मी ते उघडलंही नव्हतं. म्हणून मी फोन लगेच उचलला नाही. घरी आजारपण होतं, असं काहीतरी सांगायचं मनात जुळवलं आणि मग उचलला.

"अनघाकाकू, मी श्रेया बोलतेय," तुझी मुलगी म्हणाली. "बाबा गेले."

मी विचारलं, "कुठे?"

हे मी खरंच विचारलं. मग त्या अकरावीतल्या पोरीने मला समजेल असं सावकाश सांगितलं. कामावर यायच्या तयारीत तू शर्ट घालत होतास. पलंगावर बसलास, छातीवर हात ठेवलास आणि आडवा झालास. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं.

मी "हो" म्हणाले. "निघते" म्हणाले. समोर एका सर्व्हरचं काम अर्धवट होतं. पाच पायऱ्यांपैकी तीन झाल्या होत्या. उरलेल्या दोन मी पूर्ण केल्या, तपासल्या, नोंद केली आणि मग पर्स उचलली. यात धीराचं काही नव्हतं. हात चालू होते, एवढंच.

डोंबिवलीत तुमच्या इमारतीखाली चपलांचा ढीग होता. वर भंतेजी त्रिशरण म्हणत होते, सगळे त्यांच्यामागून म्हणत होते, आणि मी जिन्यात उभी होते. कोणीतरी पांढऱ्या साडीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणाले, "ऑफिसातली." त्यांनी मला आत जागा करून दिली. तुझ्या शर्टाची वरची दोन बटणं लावलेली होती, खालची उघडी. नंतर कपडे बदलले म्हणे. मी पाहिलं तेव्हा ती तशीच होती.

मला रडू आलेलं नाही. आज सतरावा दिवस आहे. सांगून ठेवते.

सुरुवातीला मी तुला मिलिंद सर म्हणत होते. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालास, "सर म्हटलंस की मला उत्तर येत असल्यासारखं वागावं लागतं. नको." तेव्हापासून मिलिंद आणि तू. मी ठाण्यातल्या नौपाड्याची, चालत कामावर येणारी, आणि तू सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला. पुढ्यात कागद, हातात पेन्सिल. सगळे पडद्यावर कोड वाचायचे, तू छापून घ्यायचास. कोणी काही ठासून सांगितलं की तुझा एकच प्रश्न असायचा, "कुठून कळलं?" नवीन मुलं त्याला घाबरायची. मीही घाबरायचे.

आपलं काम बाहेरच्यांना कधी सांगता आलं नाही. आईला मी एवढंच सांगायचे की लॅब, शाळा, छोटी दुकानं असे लोक स्वतःचे मोठे कॉम्प्युटर ठेवत नाहीत, ते आमचे भाड्याने वापरतात. क्लाउड म्हणतात, पण तो वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतो आणि तिथे फार थंडी असते. या सगळ्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारं जाळं सांभाळायचं, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ द्यायची नाही, हे आपलं दोघांचं काम.

ते जाळं तेव्हा विकत घेतलेल्या बंद डब्यांवर, आत काय चालतं ते दाखवत नसलेल्या यंत्रांवर, चालायचं. प्रत्येक डब्याकडे जाऊन त्याला वेगळं सांगावं लागायचं. बिघडला तर कंपनीला फोन, आणि मग वाट बघत बसायचं. तू एका दुपारी जेवणाचा डबा उघडून ठेवलास, भाकरी आणि मटकीची उसळ, आणि मला म्हणालास, "आमच्याकडे पाणी सोडायला माणूस येतो. हातात लांब चावी. या गल्लीचा व्हॉल्व्ह उघड, त्या गल्लीचा बंद कर. आपण तसेच फिरतोय. त्यापेक्षा सगळ्या व्हॉल्व्हचं डोकं एका ठिकाणी आणू. तिथून सांगायचं, व्हॉल्व्हनी फक्त ऐकायचं. आणि ते डोकं ओपन सोर्सचं घेऊ. जगभरच्या लोकांनी लिहिलेलं, कोणालाही वाचता येणारं."

"आणि त्या एका ठिकाणी कोणी चुकीची चावी फिरवली तर?"

"तर सगळ्या डोंबिवलीचं पाणी जाईल," तू घास घेता घेता म्हणालास. "पण का गेलं ते उघडून बघता येईल. आत्ता तेही येत नाही."

मी विरोध करत राहिले. आपल्याकडे माणसं किती, रात्रंदिवस बघणार कोण, अडलं तर जाब कोणाला विचारायचा. माझे मुद्दे चुकीचे नव्हते आणि तू ते चुकीचे आहेत असं कधी म्हणालाही नाहीस. फक्त एकदा, बोलता बोलता, वडिलांचं सांगितलंस. ते एमआयडीसीत एका केमिकलच्या कारखान्यात होते. "बाबा तीस वर्षं पिंपं हलवत होते. आत काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नाही. पिंपाचा नंबर सांगायचे. खोकला सुरू झाला तेव्हा डॉक्टरने विचारलं, कशात काम करता, तर बाबा म्हणाले, बारा नंबर." मग तू डबा बंद केलास. "मला नंबरावर काम करायचं नाहीये, अनघा."

त्यानंतर मी विरोध केला नाही. पटलं म्हणून की तुझ्याकडे बघून, ते आजही सांगता येणार नाही.

दीड वर्षात तू ते उभं केलंस. मी बरोबर होते, पण उभं तू केलंस. रोज संध्याकाळी जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या माणसाला प्रश्न लिहायचास आणि सकाळी उत्तर वाचायचास. एकदा तुझी तीन ओळींची दुरुस्ती त्या लोकांनी स्वीकारली, तर तू कोणाला सांगितलं नाहीस. खाली जाऊन सगळ्यांसाठी वडे घेऊन आलास. कशाबद्दल विचारलं तर म्हणालास, "भूक लागली होती."

आणि मग तो दिवस. तू असताना यावर आपण नीट बोललो नाही, म्हणून आता पूर्ण लिहिते.

दुपारचे अडीच वाजले होते. एका ग्राहकाच्या एका मशीनमध्ये व्हायरस शिरला होता. तेवढा भाग बाकीच्यांपासून तोडायचा होता. एक नियम लिहायचा की या पत्त्यांवरून येणारं काही पुढे सोडू नका. पत्ते किती, ते शेवटच्या आकड्यावरून ठरतं; आकडा जितका लहान, तितके पत्ते जास्त. तिथे चोवीस लिहायचं होतं. माझ्याकडून दोन टाइप झालाच नाही. नुसता चार राहिला. चोवीस म्हणजे त्या एका ग्राहकाची गल्ली. चार म्हणजे आपल्याकडचे सगळे.

मी एंटर दाबलं. तू उभं केलेल्या त्या डोक्याने माझं ऐकलं, आणि काही सेकंदांत प्रत्येक सर्व्हरला तो नियम कळवला. सगळ्यांनी पाळला.

पहिला फोन एका लॅबमधल्या बाईंचा आला. "आमच्याकडे तीस-चाळीस माणसं रिपोर्टसाठी बसलीत, काहीच उघडत नाहीये." मी म्हणाले, "बघतो आम्ही." मी तेव्हाच बघितलं होतं. चार दिसला होता. तो पुसून चोवीस करायला गेले तर हुकूम जाईना, कारण त्या नियमाने डोक्याचा आणि सर्व्हरांचा आपसातला रस्ताही तोडला होता. डोक्याशी संबंध तुटला तर शेवटचा हुकूम पाळत राहायचं, हे आपण दोघांनीच ठरवून ठेवलं होतं.

तू माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास. पडद्याकडे बघितलंस. चार बघितलास. कीबोर्ड आणि छोटा मॉनिटर ट्रॉलीवर घातलास आणि त्या थंड खोलीत गेलास. मी दुसरी ट्रॉली घेतली. एकेका सर्व्हरला कीबोर्ड लावायचा, नियम काढायचा, पुढचा. तू डावीकडच्या रांगेत, मी उजवीकडच्या. खालच्या सर्व्हरसाठी गुडघ्यावर बसावं लागत होतं. पावणेदोन तास लागले. एकदा मधेच आपण रांगेच्या टोकाला समोरासमोर आलो. मी म्हणाले, "मिलिंद, मी..." तू म्हणालास, "तुझे किती राहिले?"

"अकरा."

"माझे नऊ. चल."

दुसऱ्या दिवशी प्रधान सरांनी मीटिंग बोलावली. वरच्या ऑफिसातली दोन माणसं आली होती. आपण सगळे एकच कॉमन लॉगिन वापरायचो, त्यामुळे हुकूम कोणी दिला ते नोंदीत नव्हतं. सरांनी विचारलं, "हा नियम कोणी लिहिला?"

तू म्हणालास, "एका ओळीने सगळं बंद पडू शकतं अशी रचना मी केली. चूक माझी आहे."

"पण लिहिला कोणी?"

"ते महत्त्वाचं नाही, सर. उद्या दुसरं कोणी लिहील."

त्यानंतर खोलीत शांतता होती. किती वेळ होती ते मला माहीत आहे, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बोलायला पुरेसा वेळ होता.

महिन्याभरात तुझ्याकडून ते काम काढून घेतलं. मोठ्या ग्राहकांसाठी पुन्हा बंद डबे आणले. तुला नवीन मुलांना शिकवायच्या कामावर बसवलं, आणि तुझी जागा मला दिली. मी ती घेतली. अभिनंदनाचा पहिला मेसेज तुझा होता.

पंधरा दिवसांनी राममारुती रोडवर मी तुला गाठलं. तू श्रेयासाठी ड्रॉइंगचे कागद घ्यायला आला होतास. दुकानाबाहेर आपण उभे होतो, तुझ्या हातात ती गुंडाळी.

"तू मला बोलू का दिलं नाहीस?" मी विचारलं.

"मी कुठे अडवलं?"

मी चिडले. "मोठेपणा करायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"मोठेपणा नाही गं. मी खरं तेच बोललेलो. माणूस चार लिहिणारच कधीतरी. तू चार लिहिलास हा प्रश्नच नाहीये. चार चालला, हा प्रश्न आहे."

"म्हणजे मी कोणीच नाही? माझी चूकसुद्धा तुझीच?"

तू गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीस. "तसं नाही," म्हणालास. पुढे काहीतरी बोलणार होतास. मी थांबले नाही. रिक्षा केली आणि गेले.

त्यानंतर सात-आठ महिने आपण फक्त कामाचं बोललो. तू लिहायचास, मी "ओके" लिहायचे. जेवायला मी वेगळ्या वेळी जायला लागले. लोकांना वाटलं, बढतीवरून बिनसलं. मी वाटू दिलं. खरं सांगायचं तर तू समोर असलास की मला त्या खोलीतलं घड्याळ दिसायचं, आणि ते दिसू नये म्हणून तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

मग, जायच्या तीन आठवडे आधी, तू माझ्या टेबलाशी आलास. हातात खाकी पाकीट. "एक बदल लिहिलाय," म्हणालास. "त्या ओपन सोर्सच्या प्रोजेक्टला पाठवलाय. शेवटचं पान वाच आणि मला सांग. घाई नाही."

मी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बघते."

एवढंच आपलं शेवटचं बोलणं. घाई नाही, असं तू म्हणालास.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी ऑफिसातून नेहमीची विनंती आली. मिलिंद यांचे सर्व प्रवेश बंद करणे. ते माझंच काम. मी यादी काढली. एकेक लॉगिन, एकेक चावी, मग ईमेल. बारा-पंधरा मिनिटं लागली. शेवटी फॉर्मवर कारण निवडायचं असतं, त्यात राजीनामा, बदली, निवृत्ती आणि इतर असे पर्याय आहेत. मी इतर निवडलं. फॉर्म पाठवला आणि त्यानंतर ड्रॉवर उघडला.

चौदा पानं होती. कोड मी दोनदा वाचला. नवीन नियम आला की तो आधी एकाच सर्व्हरवर जायचा. तिथून "मला अजून ऐकू येतंय" असं उलट उत्तर आलं तरच पुढच्यांकडे. आणि कुठल्याही सर्व्हरला ठरावीक सेकंदांत डोक्याचा आवाज आला नाही, तर त्याने नवा नियम स्वतःच टाकून जुन्यावर परत जायचं. म्हणजे त्या दिवशी हे असतं, तर लॅबमधल्या बाईंनी फोन करायच्या आत सगळं पुन्हा चालू झालं असतं. तुझ्याकडून काम काढून घेतल्यावर, मुलांना शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात तू हे लिहीत होतास. मी जेवायला वेगळी जात होते तेव्हा.

शेवटच्या पानावर त्या प्रोजेक्टमधल्या तपासणाऱ्या बाईंचे प्रश्न छापलेले होते. कुठल्या देशातल्या ते माहीत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं तू दिली होतीस. तिसरा होता, हा दोष प्रत्यक्षात कसा सापडला? त्याखाली तुझ्या पेन्सिलने, मराठीत, "हे अनघाला विचारून."

आणि त्या लोकांच्या रीतीप्रमाणे सगळ्यात खाली जिथे नावं लिहितात, तिथे लेखक म्हणून तुझं नाव होतं. त्याखाली, दोष शोधणारी व्यक्ती, अनघा. माझं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट बरोबर.

मी ते पान बराच वेळ धरून बसले. हे माफ करणं होतं, की पुन्हा तेच, माझी चूक उचलून तिला दुसरंच नाव देणं, मला कळेना. आणि विचारायला तू नव्हतास. पहिल्यांदा तेव्हा जाणवलं की तू नाहीस. तेही फार नाही. पायाला मुंग्या आल्यावर कोणी पाय दाबला तर जेवढं कळतं तेवढं.

पुण्यानुमोदनाला मी आले होते. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, खीर खाल्ली. पंगत उठल्यावर ज्योतीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात एकट्या बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले आणि सांगितलं. "वहिनी, ते मिलिंदने केलं नव्हतं. नियम मी लिहिला होता. मी गप्प बसले."

त्या म्हणाल्या, "मला माहितीये. त्याच दिवशी सांगितलेलं यांनी."

"काय म्हणाला?"

"तेव्हा काही नाही. गुडघे दुखतात म्हणून तेल लावून घेतलं." पदराने त्यांनी फरशी पुसल्यासारखं केलं, जिथे पुसायला काही नव्हतं. "नंतर म्हणायचे, अनघा रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे. मी तिला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मग सांगा की तिला. तर म्हणाले, सांगेन, आधी हे लिहून होऊ दे. मोकळ्या हाताने कसा जाऊ?"

त्यांनी मला घरी न्यायला खीर दिली, स्टीलच्या डब्यात. डबा परत आणायची घाई नाही म्हणाल्या.

सोमवारी प्रधान सरांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आता का सांगतेयस?"

"आधी सांगितलं नाही म्हणून."

"मग मिलिंदला आपण बाजूला काढलं ते..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "लेखी दे." मी दिलं. पुढे काय करतील ते करतील. तुझं काम तुला परत देता येणार नाही, हे आम्हा दोघांना दिसत होतं. एक मात्र मी मागितलं. तुझा बदल आपल्याकडे, आपल्या सर्व्हरवर, मी स्वतः चालवून बघणार. त्याला ते हो म्हणाले.

मग मी त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले. आधी त्या बाईंना कळवलं की लेखक आता हयात नाहीत, उरलेलं काम मी पूर्ण करते, नाव त्यांचंच राहील. त्यांनी दोन ओळींत दुःख कळवलं आणि विचारलं, काही घाई नाही ना. मी लिहिलं, आहे.

दोष शोधणारी म्हणून माझं नाव मी काढलं. त्या जागी, जिथे बदलामागची हकीकत लिहितात, तिथे दोन वाक्यं लिहिली. चुकीचा नियम मी लिहिला होता. तो सगळीकडे पसरू शकला, कारण त्याला थांबवणारं काही रचनेत नव्हतं.

काल तो बदल स्वीकारला गेला. तसा निरोप लेखकाच्या ईमेलच्या पत्त्यावर जातो. तुझा पत्ता मीच बंद केलेला, त्यामुळे तो कोणी वाचला नाही. मला प्रोजेक्टच्या पानावर दिसला. मी खाली गेले, वडे आणले, मुलांमध्ये वाटले. कशाबद्दल ते सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं.

त्या दोन वाक्यांतलं दुसरं तुझं आहे, मिलिंद. ते मला त्या दिवशी रस्त्यावरच पटलं होतं. पण पहिलं माझं आहे, आणि तू असतास तर ते काढायला लावलं असतंस. पेन्सिलने खोडून म्हणाला असतास की याने काय फरक पडतो. मग आपण भांडलो असतो, दोन-तीन दिवस तरी, आणि कदाचित तूच जिंकला असतास. या वेळी कोणी खोडलं नाही. वाक्य जसंच्या तसं गेलं.